एक्स-रे नॉर्मल आहे, तरी पाय टेकवत नाही

मध्ये एकदा ओपीडीच्या शेवटी शेवटी एक ताई आल्या, चाळिशीच्या असतील, अंगणवाडीत मदतनीस आहेत. केस पेपर द्यायच्या आधीच त्यांनी एक्स-रेचं मोठं पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्यात काही नाहीये म्हणून सांगितलंय. मलाच कळत नाहीये मग दुखतंय कशाने." मागे सासूबाई उभ्या होत्या, हातात पिशवी, चेहऱ्यावर दमल्याचा भाव. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोन आठवडे झाले बघा, डॉक्टरनी नॉर्मल सांगितलंय, सगळं नॉर्मल आहे, पण ही काय पाय टेकवत नाही. घरात आता सगळं माझ्यावर आलंय." ताईंनी मान खाली घातली. भांडण नव्हतं ते, सासूबाई वाईट पण नव्हत्या, एवढ्या लांब स्वतः घेऊन आल्या होत्या सुनेला. पण ते 'नॉर्मल' दोनदा ज्या पद्धतीने म्हटलं गेलं ना, ते माझ्या डोक्यातून जाईना, अजूनही गेलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

झालं होतं असं की लग्नाच्या कार्यालयात ताट हातात घेऊन जिना उतरताना शेवटची पायरी चुकली. पडल्या नाहीत त्या. चवडा खाली टेकला, टाच वरच राहिली आणि अंगाचा सगळा भार त्या वाकलेल्या पावलावर आला. कुठलाही आवाज नाही, जखम नाही. थोडा वेळ बसल्या, मग लंगडत लंगडत पंगत पण वाढली. रात्री पाऊल सुजलं, सकाळी एका ठिकाणी जाऊन एक्स-रे काढला, क्रेप बँडेज, गोळ्या, 'मुका मार आहे, आठ दिवसात बरं होईल'. मग घरी आंबेहळदीचा लेप झाला, शेकून झालं, शेजारच्या मावशींनी तेल लावून चोळून दिलं, त्या चोळण्याने तर डोळ्यात पाणी आलं म्हणाल्या.

मी बँडेज सोडलं. कापडाचे चौकटीचौकटीचे ठसे उठलेले, पावलाची वरची बाजू अजून टम्म, शिरा दिसत नव्हत्या. मग पाय उचलून तळवा बघितला. हे लोक करत नाहीत, पेशंट तर नाहीच आणि खरं सांगायचं तर गर्दीच्या वेळी आम्ही पण नाही, कारण पाय दुखतोय वरून आणि दिसतो वरून. तळव्याच्या खळग्यात, जिथे कमान असते तिथे, पिवळट हिरवा डाग होता, कडेला अजून जांभळट. साध्या मुरगळण्यात रक्त असं तळव्याच्या मधोमध उतरत नाही. तळव्याच्या मध्यावर काळं-निळं दिसलं की समजायचं आतलं काहीतरी मोठं फाटलंय. मग मी एका बोटाने, अगदी सावकाश, घोट्यापासून दाबत पुढे आले. घोट्याला काही नाही. पुढे अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाची लांब हाडं जिथे मागच्या हाडांना मिळतात तिथे बोट गेलं आणि ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली. आवाज केला नाही.

दोन आठवडे त्यांनी तो आवाज केलेला नव्हता, कारण एक्स-रे नॉर्मल होता.

ह्या सांध्याला लिसफ्रांकचा सांधा म्हणतात. जाक लिसफ्रांक हा फ्रेंच सर्जन, नेपोलियनच्या काळातला. सडलेलं पाऊल त्या सांध्यातून झटपट कापायची पद्धत त्याने मांडली आणि नाव त्या जागेला चिकटलं. पावलात २६ हाडं असतात आणि ती सपाट मांडलेली नसतात, आडवी पण कमान असते. जुन्या वाड्याच्या दगडी कमानीत मधला दगड बाकीच्यांना अडवून धरतो ना, तसं दुसऱ्या बोटाच्या लांब हाडाचं बूड मागच्या तीन छोट्या हाडांमध्ये खोल घुसून बसलेलं असतं. त्याला आतल्या बाजूच्या हाडाशी बांधणारा एक जाड अस्थिबंध असतो, आणि पहिल्या नि दुसऱ्या लांब हाडाच्या बुडांना एकमेकांशी बांधणारा मात्र नसतो. म्हणजे तो एक तुटला की कमान हळूहळू उघडते. हाड कधी मोडलेलं असतं, कधी नुसता तांदळाच्या कणीएवढा तुकडा सुटलेला असतो, कधी तेवढं पण नसतं. आणि इथेच फसगत होते, कारण झोपवून काढलेल्या एक्स-रेत पावलावर भार नसतो, हाडं आपापल्या जागी येऊन बसतात आणि फिल्म अगदी व्यवस्थित दिसते. ह्या इजांपैकी साधारण पाचात एक पहिल्या वेळी निसटते असं आमच्या पुस्तकात वर्षानुवर्षं छापलेलं आहे.

मी ताईंची जुनी फिल्म लाईटवर लावली. झोपवून काढलेली, एकाच पायाची. खरंच त्यात सांगण्यासारखं काही दिसत नव्हतं, हे मी सासूबाईंसमोर मुद्दाम मोठ्याने सांगितलं, कारण आधीच्या डॉक्टरला दोष देऊन कुणाचं भलं होत नाही. मग एक्स-रेच्या दादांना सांगितलं की दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून उभं करून फिल्म काढा. ताई घाबरल्या. दोन्हीकडून धरलं त्यांना, सिस्टर एका बाजूला आणि सासूबाई दुसऱ्या बाजूला, म्हटलं फक्त क्षणभर भार द्या. फिल्म आली. चांगल्या पायात पहिल्या आणि दुसऱ्या हाडाच्या मधली फट बारीक रेघेएवढी, दुखऱ्या पायात सरळ सरळ रुंद. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे खूप झालं आमच्या लेखी. मी पेनाने दाखवलं. सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला, दोन्ही पायांवरून नजर फिरवली आणि एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सुटलंच होतं."

मग त्या बसल्या.

रात्री साडेअकराची कॅज्युअल्टी कशी असते ते मी रोज बघते. छातीत दुखणारा एक, विंचू चावलेलं पोर, दारू पिऊन बाईकवरून पडलेले दोघं, बाहेर नातेवाईकांचा गोंगाट, आणि त्यात पाय मुरगळलेला माणूस सगळ्यात मागे बाकावर बसलेला. तो ओरडत नाही, मरत पण नाही. फिल्म येते, ती लाईटवर न लावता खिडकीतून येणाऱ्या ट्यूबलाईटसमोर धरली जाते, घोट्याच्या दोन बाजू बघितल्या जातात आणि 'नॉर्मल'. एक्स-रे फक्त घोट्याचाच काढलेला असतो बऱ्याचदा. पेशंट म्हणतो घोटा दुखतो, आपण लिहितो घोटा, आणि मोडलेलं असतं दोन इंच पुढे, फिल्मच्या बाहेर. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पायाच्या बाबतीत आधी बोट, मग एक्स-रे. बोटाने जिथे नेमकं दुखतं ती जागा कागदावर लिहून मगच फिल्म मागवायची. तंत्रज्ञाला पण मग कळतं कुठला कोन घ्यायचा.

ह्यासाठी एक फार सुंदर नियम आहे, कॅनडातल्या ओटावाचा. इयन स्टील आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडला. उद्देश खरं तर उलटा होता, नको तिथे काढले जाणारे एक्स-रे कमी व्हावेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, खालचे सहा सेंटीमीटर आणि टोक दाबून बघा. करंगळीच्या लांब हाडाचं बूड दाबा. पावलाच्या आतल्या बाजूला, कमानीच्या वरच्या टोकाला जे नौकेच्या आकाराचं हाड असतं ते दाबा. आणि विचारा, लागल्या लागल्या चार पावलं टाकता आली होती का, आणि आत्ता येतात का. लंगडत टाकली तरी ती पावलंच धरायची. दाबून कुठेच दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील तर मोठं फ्रॅक्चर असण्याची शक्यता फार कमी, उगाच पैसे घालवू नका. बस. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, दोन मिनिटं लागतात. पण ह्याच्या पण मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात. प्यायलेल्या माणसाला, डोक्याला मार लागलेल्याला, दुसरीकडे मोठी जखम असलेल्याला आणि शुगरमुळे पाय बधिर झालेल्याला हा नियम लावायचा नाही, कारण त्यांचं 'दुखत नाही' ह्याला अर्थ नसतो. आणि हा नियम टाचेबद्दल आणि बोटांबद्दल काही बोलतच नाही.

करंगळीच्या त्या बुडाबद्दल थोडं सांगते, कारण पाय आत मुरगळला की पावलाच्या हाडांपैकी सगळ्यात जास्त वेळा तेच मोडतं. सर रॉबर्ट जोन्स म्हणून लिव्हरपूलचे मोठे अस्थितज्ञ होते, त्यांचा स्वतःचा पाय नाचताना वाकडा पडला, टाच उचललेली असताना पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार आला, आणि १९०२ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. म्हणून एका प्रकाराला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. गंमत बघा, बुडाचं अगदी मागचं टोक तुटलं तर कडक तळाचा बूट घालून, सोसवेल तसं चालत, दीड-दोन महिन्यात माणूस ठीक होतो. पण तीच रेघ जेमतेम अर्धा इंच पुढे असेल, जिथे रक्तपुरवठा मुळात तोकडा आहे, तर ते जुळता जुळत नाही, सहा ते आठ आठवडे पाय अजिबात टेकवायचा नाही किंवा सरळ स्क्रू घालायचा. अर्ध्या इंचाने सगळी ट्रीटमेंट बदलते. आणि लहान मुलांच्यात ह्याच जागी वाढीची रेघ असते, ती हाडाच्या लांबीच्या दिशेने जाते, फ्रॅक्चर आडवं जातं. ते न बघता कितीतरी पोरांना उगाच प्लास्टर घातलं जातं, आणि कितीतरी जणांना घालायला हवं ते घातलं जात नाही.

आमच्याकडे फलटणच्या बाजूला भरतीच्या पोरी खूप. पहाटे पाचला डांबरी रस्त्याच्या कडेने पळत असतात, आठशे मीटरच्या, शंभर मीटरच्या. पोरांना १६००. एक पोरगी आली होती, घट्ट वेणी, अंगात अकॅडमीचा टी-शर्ट, पायात झिजलेले बूट. पडली नव्हती, मुरगळलं नव्हतं, काहीही 'झालं' नव्हतं. फक्त पळताना पावलाच्या वर दुखायला लागतं, थांबलं की थांबतं, आणि आता थांबलं तरी थांबत नाही. वडील सोबत, त्यांचं म्हणणं की सर म्हणतात अंग चोरते. एक्स-रे अर्थातच नॉर्मल. असं दुखणं सैनिकांच्यात १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लिहून ठेवलंय, एक्स-रेचा शोध लागायच्या चाळीस वर्षं आधी, नुसतं बघून आणि दाबून. रोज थोडा थोडा ताण पडून हाडाला तडा जातो, आणि पहिले दोन-तीन आठवडे फिल्मवर तो दिसतच नाही, हाड भरून यायला लागल्यावर भोवती जी नवी हाडाची साय धरते ती दिसते. मी दुसऱ्या लांब हाडावर बोट ठेवलं, तिने पाय ओढून घेतला. मग वडिलांना थोडं बाहेर बसवून विचारलं, पाळी येते का वेळेवर. नाही म्हणाली, चार महिने नाही. जेवण? भात सोडलाय, वजन कमी पाहिजे म्हणून. हे विचारल्याशिवाय पायाची ट्रीटमेंट पूर्ण होत नाही असं मला अगदी मनापासून वाटतं. पोटात अन्न नसेल, पाळी बंद असेल तर हाड कशावर भरणार.

तिला सहा आठवडे पळायचं नाही सांगितलं तेव्हा रडली ती. सायकल चालव, व्हिटॅमिन डी तपासू, भात खा, दोन आठवड्यांनी परत फिल्म काढू, सगळं सांगितलं. वडिलांना सांगितलं की हे दुसऱ्या हाडाचं आहे म्हणून बरं, कमानीच्या टोकाच्या त्या नौकेसारख्या हाडाला तडा असता तर एमआरआय, पाय अजिबात टेकवायचा नाही आणि भरती विसरा. दोन आठवड्यांनी फिल्मवर ती साय दिसली, पुसट. वडिलांनी मोबाईलवर त्या फिल्मचा फोटो काढला, अकॅडमीच्या सरांना दाखवायला. मला ते बघून बरं पण वाटलं आणि कसंतरी पण झालं. पोरीच्या तोंडाला जी किंमत नव्हती ती त्या फोटोला होती.

बाकीची यादी करत बसले तर फार होईल, पण काही जागा अशा आहेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही. आंब्याच्या झाडावरून, स्लॅबवरून पायावर पडलेल्याची टाच दुखत असेल तर त्याची कंबर पण दाबून बघायची, कारण तोच धक्का वर मणक्यात जातो आणि टाचेच्या दुखण्यापुढे माणूस कंबरेबद्दल बोलतच नाही. बाहेरच्या घोट्याच्या जरासं खाली आणि पुढे दुखत राहणारा 'मुरगळलेला' पाय महिना उलटला तरी बरा होत नसेल तर तिथल्या हाडाचा छोटा तुकडा तुटलेला असू शकतो, ते साध्या फिल्मवर फार वेळा चुकतं, सीटीत दिसतं. घोटा आतून दुखतोय पण फिल्म ठीक वाटतेय तर पोटरीवरून हात फिरवत गुडघ्यापर्यंत जायचं, कधी कधी नडगीच्या शेजारचं हाड तिथे वर मोडलेलं असतं. आणि अनवाणी खेळताना अंगठ्याला ठेच लागून नखाच्या मुळातून रक्त आलेलं पोर, ह्याला नुसती हळद दाबून घरी पाठवायचं नाही. नखाखालीच वाढीचं हाड असतं, ते मोडून जखमेशी जोडलं गेलेलं असलं तर आत पू होतो. नीट धुणं, अँटिबायोटिक आणि फिल्म, तिन्ही लागतात.

आणि वारी.

माऊलींची पालखी आमच्याकडून जाते तेव्हा सगळा गाव पाय बघत असतो खरं तर. तंबूत ओळीने खुर्च्या, बादल्या, बोरिक, फोड, भेगा, तेल. तिथे एक आजोबा आले होते, मराठवाड्याकडचे, गळ्यात तुळशीची माळ, धोतर वर खोचलेलं, एक पाऊल लालबुंद आणि सुजलेलं. म्हणाले, "काय नाय माऊली, जरा सुजलंय, दुखत नाय." हाताच्या पाठीने दोन्ही पाय चाचपले तर एक चक्क तापलेला. साखर आहे का विचारलं तर गोळी आहे म्हणाले, पिशवीत होती पण. सोबतच्या पोराने अँटिबायोटिक आधीच चालू केलं होतं कुणाच्या तरी सल्ल्याने, पाय सडतोय म्हणून. मी त्यांना आडवं केलं, पाय उशांवर वर ठेवला आणि दुसरे पेशंट बघून परत आले. लाली बरीच उतरली होती. जंतुसंसर्गात ती अशी उतरत नाही. जखम नाही, ताप नाही, पायाला स्पर्श कळत नाही. हे शार्कोचं पाऊल असतं. ज्यां-मार्तीं शार्को ह्या फ्रेंच डॉक्टरने मज्जारज्जूच्या आजारात सांध्यांची अशी वाताहत होते ते १८६८ मध्ये लिहिलं. मधुमेहाशी त्याचा संबंध लागायला १९३६ उजाडलं. आज आपल्याकडे ते बघायला मिळतं ते बहुतेक मधुमेहातच. नसा मेलेल्या, त्यामुळे हाडं मोडत जातात आणि माणूस त्याच्यावर चालत राहतो. सुरुवातीला तर एक्स-रे पण नॉर्मल असू शकतो.

इथे सगळं उलटं होतं. त्या ताईंना दुखत होतं आणि कुणाला पटत नव्हतं, ह्या आजोबांना दुखतच नव्हतं म्हणून त्यांना स्वतःला पटत नव्हतं. पंढरपूर अजून किती राहिलं सांगा, मी हळू जाईन, म्हणत होते. त्यांना कसं सांगायचं की आता एक पाऊल पण टाकायचं नाही? शेवटी त्यांच्याच दिंडीच्या विणेकऱ्यांना बोलावलं. ते खाली वाकून आजोबांच्या पाया पडले आणि म्हणाले, "तुम्ही गाडीत बसा, तुमची वारी आम्ही चालतो." आजोबा ट्रकमध्ये बसून पुढे गेले, पायाला अर्धं प्लास्टर, सोबत पत्र. गावी गेल्यावर गुडघ्यापर्यंतचं ते खास, पूर्ण तळव्याला चिकटून बसणारं प्लास्टर लागणार होतं, ते पण काही महिने, दोन्ही पायांचं तापमान सारखं होईपर्यंत. ते कुणी घातलं का, हे मला समजायला मार्ग नाही, आणि ही रुखरुख कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या प्रत्येकाला असते.

त्या अंगणवाडीच्या ताईंचं मात्र वेळेत झालं म्हणायचं. सीटी झाला, आमच्या ऑर्थोच्या सरांनी हाडं जागेवर आणून स्क्रू घातले. फट उघडलेली नसती तर प्लास्टर आणि सहा आठवडे पाय न टेकवणं, एवढ्यावर भागलं असतं कदाचित. असंच चालत राहिल्या असत्या तर कमान बसली असती आणि तिथे संधिवात, मग रेशनच्या रांगेत पण उभं राहता आलं नसतं. ऑपरेशननंतर ड्रेसिंगला आल्या तेव्हा सासूबाई पुढे होऊन मला विचारत होत्या की संडास भारतीय आहे, खाली बसवणार नाही हिला, काय करू. तेव्हा वाटलं की हा प्रश्न पहिल्या दिवशी, पहिल्या डॉक्टरने, आपण होऊन विचारायला हवा. 'पाय टेकवू नका' हे तीन शब्द लिहायला सेकंद पुरतो, पण उंच उंबरा, मोरी बाहेर, पाणी एक दिवसाआड, अशा घरात ते पाळायचं कसं? म्हणून आता मी घराचा नकाशाच विचारते. मधे भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची कुठे मिळेल ते सांगते. कुबड्या काखेत रुतवायच्या नाहीत, भार हातावर द्यायचा, हे दारातच दोन फेऱ्या मारून दाखवते. वयस्कर असेल तर कुबड्या नकोच, वॉकर. स्वयंपाक उंच स्टुलावर बसून. पाय उशीवर, छातीच्या वर. बोटं काळीनिळी पडली, प्लास्टर आवळतंय असं वाटलं, पोटरी दुखून सुजली, तर रात्रीचे दोन वाजले असतील तरी या.

आणि केस पेपरवर मी 'नॉर्मल' लिहिणं बंद केलंय. 'आजच्या फिल्मवर फ्रॅक्चर दिसत नाही. दाबल्यावर इथे दुखते. पाय टेकवायचा नाही. दहा दिवसांनी परत दाखवणे, ही फिल्म सोबत आणणे.' मराठीत, मोठ्या अक्षरात, कारण तो कागद डॉक्टर वाचण्याआधी नवरा वाचतो, सासू वाचते, साहेब वाचतात, मुकादम वाचतो.

मुकादमाचं नाव उगाच घेतलं नाही. कारखाने चालू असताना एक ऊसतोड कामगार आला, पंचविशीचा, बांधावरून पाय आत वळला होता. करंगळीच्या हाडावर, नेमकी ती वाईट जागा, बारीक आडवी रेघ. बायको सोबत, तिच्या ओढणीला उसाचं पाचट चिकटलेलं. उचल घेतलेली आणि ह्या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एक थांबला की दुसऱ्याचं पण काम बुडतं. मुकादमाने फिल्म हातात घेऊन मला विचारलं, "एवढ्याशा रेघेला दोन महिने?" त्याला खुर्ची दिली आणि कागदावर हाड काढून दाखवलं, रक्त इकडून येतं, तिकडून येतं, इथे पोचत नाही, आज त्याला मोळ्या उचलायला लावल्या तर हे हाड पुढच्या हंगामात पण जुळलेलं नसेल. त्याने ऐकून घेतलं. प्लास्टर की स्क्रू ह्यावर बरंच बोलणं झालं. स्क्रूने जुळायची खात्री जास्त आणि लवकर कामाला लागता येतं, सरकारी योजनेत बसतंय का ते बघायला आमचा बिलिंगचा मुलगा उठून गेला. बायको मध्येच म्हणाली, मोळ्या मी एकटी पण बांधीन, पण ट्रॉली भरायला कोण? त्यावर मुकादमाने तिथेच बसून बीडला फोन लावला, तिच्या दिराला.